बिनटिकल्यांची नायिका

ठाकुर्लीतल्या आमच्या इमारतीत मला दोन गोष्टींसाठी ओळखतात. एक, मी शाळांच्या गॅदरिंगचे ड्रेस शिवते. आणि दुसरी, मला नसत्या चौकशा फार. पहिली सवय निवृत्त झाल्यावर लागली, दुसरी जन्मापासूनची. आमचे हे म्हणतात, "तुझ्याकडे कपडा शिवायला आणला की आधी माप द्यायचं आणि मग जबाब." मी लक्ष देत नाही. माप देताना माणूस दोन्ही हात वर करून उभा असतो, पळून कुठे जाणार? विचारायचं ते तेव्हाच विचारून घ्यावं.

एका दुपारी एक मुलगी आली. उंच, रुंद खांद्यांची, केसांची घट्ट वेणी, आणि दाराबाहेर चपला नीट जोडून ठेवणारी. शेजारच्या इमारतीतल्या कुणीतरी माझं नाव सांगितलं होतं. तिच्या हातात निळा, अंगाला घट्ट बसणारा, ताणणाऱ्या कापडाचा पोशाख होता. तो काखेपासून कमरेपर्यंत उसवला होता.

"काकू, असा शिवून द्या की परत फाटणार नाय. मी पडलेली ना, तेव्हा गेला."

"कुठे पडलीस?"

"रिंगमध्ये." मग जरा थांबून म्हणाली, "म्हणजे, मला टाकलेलं. वरून."

झालं. टेप माझ्या हातात तशीच राहिली आणि चौकशा सुरू झाल्या. ती रेसलिंग करायची. मातीतली किंवा मॅटवरची कुस्ती नव्हे. पोरं टीव्हीवर बघतात ना, तसली, दोरांच्या रिंगणातली, जिच्यात कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं. तिच्यासारख्याच काही मुलामुलींनी मिळून विठ्ठलवाडीला एक गाळा भाड्यानं घेतला होता, तिथे रिंग उभारली होती, आणि अधूनमधून कुठल्या तरी मैदानावर त्यांचे शो व्हायचे. एरवी ती ठाण्याला एका जिममध्ये बायकांना व्यायाम शिकवायची. रिंगमध्ये मात्र ती नायिका होती. पोरं तिच्या नावानं ओरडायची, सेल्फी काढायची.

"आमच्यात चांगल्याला फेस म्हणतात काकू, आणि वाईटाला हील. मी फेस."

"फेस म्हटलं की मला साबणच आठवतो," मी म्हणाले.

ती अशी काही खदखदून हसली की आतल्या खोलीतून आमचे हे पेपर हातात घेऊन बघायला आले. लोक हिच्यासाठी टाळ्या का वाजवत असतील ते मला तिथल्या तिथे कळलं. तिला हसताना बघूनच बरं वाटत होतं.

रंग निळाच का, हेही मी विचारलंच. "निळाच पाहिजे काकू. आमचा रंग आहे तो," ती म्हणाली. "पहिलं कापड आईनंच आणलेलं. तेव्हा तिला वाटलेलं योगासनांच्या स्पर्धेसाठी आहे."

मी पोशाख मनापासून शिवला. काखेत वेगळा चौकोनी तुकडा घातला, झिगझॅग टाका दोनदा मारला, आणि वर माझ्याकडून भेट म्हणून खांद्यांपासून पाठीपर्यंत रुपेरी टिकल्यांची नक्षी काढली. ती न्यायला आली तेव्हा पोशाख बघून खूश झाली, मग तिनं टिकल्यांवरून तळहात फिरवला आणि तिचा चेहरा पडला.

"काकू, टिकल्या नको."

"अगं, नायिका ना तू? लांबून चमकायला नको?"

"तिला लागतात."

"कोणाला?"

"हीलला. ती मला उचलते ना, तिचे हात सोलवटतात."

ती गेल्यावर मी एकेक टिकली उसवत बसले. बोटं दुखली त्याचं काही नाही, पण डोक्यात एकच किडा वळवळत राहिला. जी बाई हिचे केस धरून हिला आपटते, तिचे हात सोलवटू नयेत म्हणून ही नायिका आपली चमक काढून टाकते? ही कसली दुश्मनी? संध्याकाळी मी यांना विचारलं. हे म्हणाले, "तू आता तिकडे जाणार." माणूस इतकी वर्षं संसार करतो तो काही उगाच नाही.

पोशाख अंगावर कसा बसतो ते बघायचं, असं सांगून मी विठ्ठलवाडीच्या त्या गाळ्यात गेले. एका बाजूला जीन्सचा कारखाना, दुसऱ्या बाजूला फर्निचरवाला, आणि मध्ये पत्र्याच्या छपराखाली रिंग. चष्मा लावलेल्या एका सडपातळ, मऊ बोलणाऱ्या मुलीनं माझ्यासाठी खुर्ची आणली, फडक्यानं पुसली आणि विचारलं, "चहा घेणार ना काकू?" ती कल्याणला एका दातांच्या दवाखान्यात पेशंटच्या वेळा लिहायची. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी हळूच विचारलं, "आणि ती दुष्ट बाई कुठली?"

"मीच ती," ती लाजून म्हणाली.

मग तिनं चष्मा काढून खिडकीत ठेवला, रिंगमध्ये चढली, आणि आमच्या नायिकेला उचलून धाडकन आपटलं. मी किंचाळून उभी राहिले. जीन्सच्या कारखान्यातला एक माणूस डोकावून गेला. दोघी माझ्याकडे बघून हसायला लागल्या, आणि मग मला रिंगखाली वाकायला लावून सगळं दाखवलं. खाली लोखंडी सांगाडा, त्यावर फळ्या, त्यावर पातळशी गादी आणि वर ताणून बसवलेलं कापड. आत सगळं पोकळ. आवाज त्या फळ्यांचा.

"म्हणजे लागत नाही?"

"लागतं ना," नायिका पाठ चोळत म्हणाली. "फळ्याच आहेत त्या."

"मग खोटं काय आहे?"

"शेवट ठरलेला असतो काकू. पडायचं खरंच असतं."

पुढचा तासभर मी खुर्चीवरून हलले नाही. चहा गार झाला. बघता बघता माझ्या एक गोष्ट लक्षात आली. आपटल्यावर खलनायिका दरवेळी हिचं मनगट पिरगाळायला धरायची, आणि तेव्हा दोघींची बोटं किंचित हलायची. शिवणकाम करणाऱ्या बाईचे डोळे बारीक गोष्टींना सरावलेले असतात. मी विचारलं, "तो हात का दाबतेस गं तिचा?"

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. "काकू, डेंजर आहात तुम्ही," चष्मेवाली म्हणाली.

मग मला कळलं. टाकणारीनं पडणारीचा हात दोनदा दाबायचा. म्हणजे, ठीक आहेस ना? पडणारी ठीक असेल तर तिनं उलट दोनदा दाबायचा. नाही दाबला, तर दुसरीनं कुणाला काही न कळू देता सामना गुंडाळायचा. समोर पब्लिक शिव्या घालत असतं आणि मध्ये दोघींचं हे असं चाललेलं असतं. मला इतकं नवल वाटलं की मी माझाच हात दोन-चारदा दाबून बघितला.

"पण बाहेर बोलायचं नाय हां," नायिका म्हणाली. "शप्पथ घ्या."

मी शपथ घेतली. आमच्या ह्यांना कळलं असतं तर त्यांनी माझ्या शपथेवर विश्वास ठेवला नसता. त्या दोघींचा दुसरा नियमही कडक होता: शोच्या दिवशी लोकांसमोर ओळख दाखवायची नाही, एका रिक्षात बसायचं नाही, एका गाडीवर खायचं नाही. एकदा दोघी डोंबिवलीत पाणीपुरी खाताना एका छोट्या मुलीला दिसल्या, आणि ती मुलगी भर रस्त्यात भोकाड पसरून रडायला लागली. नायिका आणि दुष्ट बाई एका गाडीवर! तेव्हापासून पाणीपुरीही बंद.

त्यानंतर ती काही ना काही काढून घरी यायला लागली. कधी चेन बदलायला, कधी नुसतीच. एक दिवस अशीच आली. मी पुढ्यात पोहे ठेवले तरी चमचा हातात घेईना.

"आई येतेय," ती म्हणाली. "रविवारी. कल्याणच्या शोला."

यात रडवेलं होण्यासारखं काय, ते मला कळेना. मग तिनं सगळं सांगितलं. कोपरीला मायलेकी दोघीच राहायच्या. आई नर्स, सगळी नोकरी हाडांच्या वॉर्डात गेली, इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाली. पोरीच्या पाठीवरचे, गुडघ्यावरचे काळेनिळे डाग तिच्यापासून लपणं शक्यच नव्हतं. कोण जिंकणार हे ठरलेलं असतं, एवढं आईला माहीत होतं, आणि तोच तिचा मुद्दा होता. खेळ असता, बक्षीस असतं, देशाचं नाव असतं तर समजू शकले असते. खोट्या मारामारीत खरी मान कशाला मोडून घ्यायची? मानेवर पडलेली तरणीताठी मुलं तिनं वॉर्डात बघितली होती. शेवटी मायलेकींचं असं ठरलं होतं की आई एकदा येऊन बघेल. नाही पटलं तर रेसलिंग बंद, आणि पोरीनं वाद घालायचा नाही.

"आणि तू हो म्हणालीस?"

"शब्द दिलाय काकू."

मी पटकन म्हणाले, "मग तिला ते हाताचं सांग ना! किंवा मी सांगते."

"नको. मी सांगितलं तर म्हणेल, माझं मन राखायला बोलतेय. तुम्ही सांगितलं तर म्हणेल, मी तुम्हाला पढवलंय. तिनं तिच्या डोळ्यांनी बघू दे." मग म्हणाली, "फक्त तुम्ही तिच्या शेजारी बसाल का? एकटी असली की ती उठून निघून जाईल."

ती गेल्यावर मी तो निळा पोशाख मशीनवर ठेवून बराच वेळ बघत बसले. आणखी एका रविवारनंतर तो कपाटात पडून राहणार, या विचारानं मला फार वाईट वाटलं. कुणाच्या कपड्यासाठी मला इतकं वाईट वाटलेलं आठवत नाही.

रविवारी संध्याकाळी कल्याणच्या एका शाळेच्या मैदानावर रिंग लागली होती. पुढच्या रांगांत सगळी लहान पोरं, मागे आईबाप, कडेला भेळ आणि पॉपकॉर्न. आई वेळेच्या आधी आली होती. पांढरे केस नीट बांधलेले, कडक इस्त्रीची सुती साडी, पर्स मांडीवर. "तुम्हीच का त्या शिवणाऱ्या ताई?" तिनं विचारलं. "काखेतला तुकडा चांगला घातलात." एवढंच बोलली आणि समोर बघत बसली. मी तिला काहीही विचारलं नाही. मला स्वतःचंच आश्चर्य वाटलं.

आधी खलनायिका आली. चष्मा नाही, डोळ्यांभोवती काजळाचे फराटे, मुद्दाम फाडलेला काळा पोशाख. माइक घेऊन ओरडली, "काय रे कल्याणकरांनो! आधी पत्रीपुलावरचं ट्रॅफिक सोडवा, मग मला नावं ठेवा!" पब्लिक खवळलं. दवाखान्यात "जरा बसा हं, डॉक्टर येतीलच" असं म्हणणारी ती हीच मुलगी, हे मला खरंच वाटेना.

मग आमची आली. निळी, बिनटिकल्यांची, आणि तरी सगळ्यांत चमकणारी. तिनं रिंगभोवती फेरी मारून प्रत्येक पोराच्या हातावर टाळी दिली, एकाची पडलेली टोपी उचलून त्याच्या डोक्यावर घातली, रिंगमध्ये चढली आणि गावाकडच्या पैलवानासारखा मांडीवर हात मारून शड्डू ठोकला. सगळं मैदान याचीच वाट बघत असावं तसं एकदम शड्डू ठोकायला लागलं. पोरं, त्यांचे बाप, भेळवाला. मीही ठोकला, साडीत जेवढा ठोकता येतो तेवढा. आईनं माझ्याकडे बघितलं. पोरीकडे मात्र ती जरा पुढे वाकून बघत होती. घरी ही अशी हसत नाही, असं काहीतरी पुटपुटली.

सामना सुरू झाला. केस ओढणं, बोटं मुरगाळणं, पंचाची पाठ वळली की लाथा. प्रत्येक आदळण्याबरोबर आईची पर्सवरची बोटं आवळत होती. फळ्या पोकळ आहेत हो, आवाजच मोठा, असं सांगावंसं मला हजारदा वाटलं. मी पदर तोंडाशी धरून बसले.

शेवटी ठरल्याप्रमाणे नायिका कोपऱ्यातल्या दोरांवर चढली. तिथून तिनं उडी मारायची आणि भोवळ आल्यासारखी डुलणारी खलनायिका आडवी व्हायची, हे मी त्या दिवशी गाळ्यात कितीदा तरी बघितलं होतं. ती वर उभी राहिली, पोरांनी शड्डूचा गजर केला, आणि तिचा पाय दोरावरून सटकला.

ती तिरकी, डोकं खाली करून आली. डुलणारी खलनायिका डुलायची थांबली आणि झेपावली. दोघी एकदम कोसळल्या. खाली खलनायिका, तिच्या अंगावर आमची पोरगी, आणि खलनायिकेचा एक पंजा पोरीच्या मानेखाली. लोकांना वाटलं की तिनं दगा करून हिला खाली खेचलं. "चीटिंग! चीटिंग!" पोरं बाकांवर चढून ओरडायला लागली. कुणीतरी पॉपकॉर्न फेकले.

आई उभी राहिली. पर्स खाली पडली. मी तिचं मनगट धरलं. ती ओरडली नाही, फक्त हळू आवाजात म्हणत होती, "हलवू नकोस. हलवू नकोस तिला."

आणि खलनायिकेनं हलवलं नाही. मानेखालचा हात तसाच ठेवून तिनं दुसऱ्या हातानं पोरीचं मनगट शोधलं, पिरगाळल्यासारखं धरलं. मला तेवढीच बोटं दिसत होती. खलनायिकेची बोटं दोनदा दाबली गेली. पोरीची बोटं हलली नाहीत. पुन्हा दोनदा. देवाचं नाव घेते म्हटलं तर एकही आठवेना. मग पोरीची बोटं मिटली, उघडली, मिटली.

"ठीक आहे ती," मी म्हणाले.

"तुम्हाला कसं माहीत?"

"आहे माहीत."

आयुष्यात प्रथमच मला कुणीतरी काही विचारत होतं आणि मी सांगत नव्हते. पोरगी सावकाश उठली, दोर धरून उभी राहिली आणि तिनं शड्डू ठोकला. त्या आवाजानं मैदान दणाणलं. पुढचं सगळं ठरल्याप्रमाणे झालं. नायिकेनं दुष्ट बाईला चीत केलं, पंचानं तीन अंक मोजले, पोरं रिंगकडे धावली.

आई खाली बसली होती. पर्स मी उचलून दिली. तिनं ती घेतली नाही.

"ताई, मानेचा पेशंट स्ट्रेचरवरून बेडवर घेताना चौघं उचलतात," ती म्हणाली. "पण एक जण फक्त मान धरतो. काहीही होवो, त्यानं मान सोडायची नाही. नव्या मुलींना मी सारखं सांगायचे, तरी घाईत विसरायच्या. त्या मुलीला कुणी शिकवलं?" आणि मग, "स्वतःचं कोपर आपटून घेतलं तिनं. बघितलंत?"

मी पर्स घेऊन उठेपर्यंत ती निघाली होती. मला वाटलं लेकीकडे चालली. पण लेक रिंगमध्ये पोरांच्या गराड्यात होती आणि आई सरळ चालली होती ती दुसरीकडे, जिथून खलनायिका कोपर धरून लोकांची हुर्यो घेत बाहेर पडत होती. मी मागून धावले. माझ्या डोळ्यांसमोर ती पाणीपुरीची गाडी आणि ते रडणारं पोर उभं राहिलं. पण मी पोचायच्या आत व्हायचं ते झालं. आईनं त्या काजळाच्या फराट्यांवरून, गालांवरून दोन्ही हात फिरवले आणि सगळ्या मैदानासमोर स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

"गुणाची गं बाई माझी," ती म्हणाली.

आजूबाजूचे लोक गप्प झाले. एक मुलगा तोंड उघडं टाकून बघत राहिला. खलनायिकेला चष्म्याशिवाय आधी दिसलंच नसावं की हे कोण. मग तिला कळलं. तिचे डोळे भरून आले ते मी जवळून बघितलं. तिला शिव्यांची सवय होती, याची नव्हती. तिनं आईचा हात घट्ट धरून बाजूला केला आणि खच्चून ओरडली, "ए आजी, हट! रस्ता काय तुझा आहे?"

लोकांच्या जिवात जीव आला. हुर्यो पुन्हा सुरू झाली, दुष्ट बाई पुन्हा दुष्ट झाली, आणि मी आईला दंडाला धरून बाहेर आणलं.

परत येताना आम्ही तिघी एका रिक्षात होतो. चहा घेऊन मगच कोपरीला जा, असं मी बजावलं होतं. पोरगी मध्ये, निळ्या पोशाखावर जॅकेट घालून, दोन्ही हात मांडीवर. निकाल काय, हे ती विचारत नव्हती. मी तर विचारूच शकत नव्हते. पत्रीपुलावर रिक्षा अडकली.

"तिच्या कोपराला बर्फ लावला का कुणी?" आईनं विचारलं.

"लावला. मी बघूनच निघाले."

"मला आजी म्हणाली."

"आई, तिला तसं बोलावंच लागतं गं, लोकांसमोर..."

"म्हणू दे. केस पांढरेच आहेत माझे. ते नाही विचारत." आई समोर बघत होती. "माझा हात धरला ना तिनं, तेव्हा दोनदा दाबला. वरून खेकसली आणि खाली दोनदा दाबला. का?"

पोरीनं माझ्याकडे बघितलं. मी जीभ दातांखाली धरून ठेवली.

"विचारत होती," पोरगी म्हणाली. "ठीक आहात ना, म्हणून. आम्ही एकमेकींना तसंच विचारतो. पडल्यावर."

पुढची बस हलली, रिक्षावाल्यानं गिअर टाकला.

"आणि मग आपण काय करायचं?"

"ठीक असलो तर आपण पण दोनदा दाबायचा."

आईनं स्वतःच्या तळहाताकडे बघितलं. "अगं बाई. मी तर काहीच केलं नाही. ती पोर काळजी करत बसली असेल." मग पदर सारखा करत म्हणाली, "बरं. पुढच्या वेळी दाबीन."

पुढच्या वेळी. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या आणि मी तोंड फिरवून रस्त्याकडे बघायला लागले. पोरीनं आईचा हात हातात घेतला, एवढं मला कडेनं दिसलं. मायलेकींचं होतं ते, मी बघायला नको होतं. पण राहवेना, म्हणून वळून बघितलंच. आईची बोटं मिटली, उघडली आणि पुन्हा मिटली.